स्कॅनिंगच्या खोलीसाठी क्लीन एजंट घ्यावा की सीओटू? पर्यावरणाचा हिशेब कसा मांडायचा?

जुनीपाने

गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयासाठी विचारतोय. पुढच्या बैठकीत कार्यकारिणीसमोर फायर एक्स्टिंग्विशरच्या खरेदीचा प्रस्ताव ठेवायचा आहे.

जागा अशी: स्कॅनिंगची खोली १० बाय ८ फूट, उंची ९ फूट. दार एकच, खिडकी एसीमुळे कायम बंद. आत दोन ओव्हरहेड स्कॅनर, दोन संगणक, हार्ड डिस्कचा छोटा रॅक आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा ३ केव्हीएचा यूपीएस. दोन माणसं दिवसभर तिथे बसतात. बाहेर सुमारे १२०० चौरस फुटांचं ग्रंथदालन. लाकडी कपाटं, एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं, बांधीव फायली.

सध्या ६ किलोचे दोन एबीसी पावडरचे सिलिंडर आहेत. अडगळीत एक जुना बाटलाही सापडला, त्यावर बीसीएफ लिहिलं आहे.

पुरवठादाराचं कोटेशन आलंय: 'क्लीन एजंट २ किलो, ३ नग, ओझोन फ्रेंडली, ग्रीन'. वायूचं नाव कुठेच नाही. सभासदांपैकी काहींचं म्हणणं, पर्यावरणाला बाधक वायू संस्थेने घेऊ नये. काहींचं म्हणणं, स्कॅनर वाचले पाहिजेत, बाकीचं नंतर बघू. दोन्ही बाजूंना पटेल असं उत्तर आकड्यांसकट हवंय.

तपासनीस

आधी कोटेशन परत पाठवा. 'क्लीन एजंट' हे वायूचं नाव नाही, मागे पावडर-ओल न ठेवता विझवणाऱ्या पदार्थांचा तो प्रकार आहे. या एका शब्दाखाली हातात धरायच्या सिलिंडरमध्ये आपल्याकडे मुख्यतः तीन पदार्थ मिळतात: एचसीएफसी-१२३, एचएफसी-२३६एफए आणि एफके-५-१-१२. तिघांचे गुणदोष एकमेकांपासून फार लांब आहेत. नाव, वजन आणि आयएस १५६८३ प्रमाणे आयएसआय मार्क कोटेशनवर लेखी मागा. सिलिंडरवरचा सीएम/एल (आयएसआय लायसन्सचा) क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की लायसन्स चालू आहे का ते तिथल्या तिथे कळतं.

आता आग कशाची लागेल ते पाहा. ग्रंथदालनातली आग कागद-लाकडाची, म्हणजे ए वर्गाची. तिथे क्लीन एजंट जवळपास निरुपयोगी समजा. २ किलोच्या सिलिंडरला ए वर्गाचं रेटिंग बहुधा मिळतच नाही, ते मिळायला साधारण ४ किलोच्या पुढे जावं लागतं. वायू ज्वाला विझवतो, पण जाड बांधीव फाइलच्या पोटातला निखारा तसाच धुमसत राहतो आणि वायू विरला की पुन्हा पेटतो. सीओटूचंही तेच. निखाऱ्याला पाणीच लागतं.

म्हणून दालनासाठी ६ लिटरचे दोन वॉटर मिस्ट घ्या. त्यातून पाणी बारीक तुषारांत बाहेर पडतं. कपाट चिंब होत नाही, आणि डीआयोनाइज्ड पाण्याचा चांगला मिस्ट सिलिंडर ३५ केव्हीच्या विद्युतचाचणीतून गेलेला असतो. तो १००० व्होल्टपर्यंतच्या उपकरणावर एक मीटर अंतरावरून चुकून गेला तरी शॉक बसत नाही. ही चाचणी लेबलवर छापलेली असेल तरच यावर विसंबा. साध्या वॉटर सिलिंडरला हे लागू नाही. दालनात कुठूनही सिलिंडरपर्यंत चालायचं अंतर १५ मीटरच्या आत असावं, तुमच्या जागेत दोन नगांत ते सहज बसतं.

पुस्तकं भिजतील या भीतीने वाचनालयं पाणी टाळतात. भिजलेलं पुस्तक लगेच गोठवून ठेवलं तर पुढे सावकाश वाळवता येतं. मुंबईच्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, एवढी मुदत मात्र पाळावी लागते. जळलेल्या पुस्तकाला काहीच करता येत नाही.

स्कॅनिंगच्या खोलीत एबीसी पावडर नको. त्यातलं मोनो-अमोनियम फॉस्फेट तापलं की वितळून चिकटतं, थंड झाल्यावर दमट हवेतली ओल ओढून आम्लधर्मी होतं आणि सर्किट बोर्डावरचं तांबं खातं. आगीतून वाचलेला स्कॅनर महिनाभराने पावडरमुळे जातो. असलेले दोन सिलिंडर जिन्याजवळ आणि मीटर बोर्डाच्या बाहेर हलवा. खोलीत छताला टांगायचा लाल बल्बचा ऑटोमॅटिक मॉड्युलर सिलिंडर कुणी सुचवला तर आत काय भरलंय ते विचारा. तो ६८ अंशांना आपोआप फुटतो आणि त्यात बरेचदा हीच पावडर असते.

आणखी एक गोष्ट लेबलची. आपल्याकडे सी वर्ग म्हणजे जळणारे वायू. अमेरिकी लेबलवरचा सी म्हणजे विजेची उपकरणं. आयात सिलिंडरवर 'बीसी' वाचून एलपीजीसाठी घेतला किंवा उलट केलं, अशी गफलत नेहमी होते.

ओझोनथर

वर सांगितलेल्या तीन पदार्थांचा पर्यावरणाचा हिशेब देतो. जीडब्ल्यूपी म्हणजे १ किलो वायू हवेत गेला तर शंभर वर्षांत किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो तो आकडा.

एचएफसी-२३६एफए: ओझोनला धक्का शून्य, जीडब्ल्यूपी ९,८१०. हवेत दोनशेहून अधिक वर्षं टिकतो. २ किलोचा एक सिलिंडर रिकामा झाला की १९.६ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं नुकसान. साडेआठ हजार लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो तेवढं. दुसऱ्या मापाने, आर-३२ भरलेल्या दीड टनी तीसेक एसींचा सगळा गॅस सोडून देण्यासारखं. तुमच्या कोटेशनमधले तीनही नग या वायूचे असतील तर ५९ टन भिंतीवर टांगलेले राहतील.

एचसीएफसी-१२३: जीडब्ल्यूपी फक्त ७७, म्हणजे २ किलोमागे १५४ किलो. पण ओझोनची हानी होतेच, क्षमता ०.०२ (सीएफसी-११ ची १ धरून). लेबलवर 'ओझोन फ्रेंडली' छापून हाच विकत असतील तर ते खोटं आहे. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांत एचसीएफसीचा वापर २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचा आहे, त्यानंतर २०४० पर्यंत देखभालीपुरता अगदी थोडा कोटा. क्लीन एजंट सिलिंडरचं आयुष्य आयएस २१९० या मानकाप्रमाणे दहा वर्षं धरतात. आज घेतलेल्या सिलिंडरला अर्ध्या वाटेतच रिफिल मिळणं अवघड होईल.

एफके-५-१-१२: जीडब्ल्यूपी एकच्या आत, ओझोनला धक्का नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी आठवड्याभरात विघटन होतं. हा नोव्हेक १२३० या नावाने ओळखला जायचा. थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेरपर्यंत सगळ्या पीएफएएस रसायनांचं, म्हणजे निसर्गात न मोडणाऱ्या फ्लुओरीनयुक्त रसायनांचं, उत्पादन थांबवणार. तोच पदार्थ इतर उत्पादक बनवतात, त्यामुळे जुनं ब्रँडनाव शोधत बसू नका, रासायनिक नाव पाहा.

याची काळी बाजूही सांगायला हवी. त्या विघटनातून ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड तयार होतं. ते पावसाबरोबर खाली येतं, पाण्यात विरघळतं आणि निसर्गात जवळपास मोडत नाही. शिवाय २०२१ च्या ओईसीडी व्याख्येनुसार एफके-५-१-१२ हा स्वतःच पीएफएएस गटात मोडतो. त्या गटावर व्यापक निर्बंध आणण्याचा प्रस्ताव जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी २०२३ मध्ये मांडला. म्हणून याला निर्दोष म्हणू नये. तरी दहा हजारांच्या घरातला जीडब्ल्यूपी आणि एकच्या आतला जीडब्ल्यूपी यांत निवड करायची असेल तर मला शंका वाटत नाही.

एचएफसींचंही पुढे काय होणार ते ठरलेलं आहे. मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती २०१६ ची, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०२८ पासून वापर गोठवायचा, २०३२ मध्ये १० टक्के कपात, पुढे टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत ८५ टक्के. पुरवठा आक्रसला की रिफिलचा दर चढणारच. खजिनदारांना पटवायला हा मुद्दा जास्त कामाचा.

आणि सीओटू सिलिंडर? जीडब्ल्यूपी १. साडेचार किलोचा नग म्हणजे साडेचार किलो. तोही वायू बहुतेक खत किंवा मद्यार्क कारखान्यांतून एरवी हवेत गेला असता असा पकडून भरलेला असतो.

केव्हीए

मग सगळीकडे सीओटूच लावा असा निष्कर्ष घाईने काढू नका. तुमच्या खोलीचं घनफळ ७२० घनफूट, म्हणजे साधारण २० घनमीटर. १ किलो सीओटूचा मुंबईच्या तापमानाला सुमारे ०.५५ घनमीटर वायू होतो. साडेचार किलोचा सिलिंडर त्या बंद खोलीत पूर्ण मारला तर अडीच घनमीटर, म्हणजे हवेत ११-१२ टक्के सीओटू. ४ टक्क्यांना जिवाला तत्काळ धोका धरतात, १० टक्क्यांच्या वर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. विझवणाराच आत पडेल. २ किलोच्या नगानेही ५ टक्क्यांच्या आसपास जातं.

त्याच खोलीत इतरांचा हिशेब: २ किलो एचसीएफसी-१२३ म्हणजे सुमारे १.६ टक्के. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम न दिसण्याची त्याची मर्यादा १ टक्का, परिणाम दिसायला लागतो २ टक्क्यांना. इतक्या लहान खोलीत तो नकोच. २३६एफए १.६ टक्के, मर्यादा १० टक्के. एफके-५-१-१२ पाऊण टक्क्याच्या जवळ, मर्यादा १० टक्के. म्हणजे माणसाच्या दृष्टीने हे दोन सुरक्षित. हे खोलीभर पसरल्यानंतरचे सरासरी आकडे, नोझलच्या तोंडाशी प्रमाण बरंच जास्त असतं.

मात्र फ्लुओरीन असलेला कुठलाही वायू ज्वालेत गेला की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो. डोळे-घसा झोंबतो, आणि त्याने इलेक्ट्रॉनिक्सही गंजतं. आग जितकी मोठी आणि मारा जितका रेंगाळलेला, तितकं ते जास्त. म्हणून सगळा माल आगीच्या मुळाशी एका दमात मारायचा, बाहेर यायचं, दार लावायचं. थोडं मारून 'बघू विझली का' असं थांबू नये. सीओटूमध्ये हा त्रास नाही. तिथे जपायचं ते वायू बाहेर पडतो त्या टोकाच्या भोंग्याला, कारण तो उणे तापमानाला जातो. हात मुठीवर ठेवा, भोंगा उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटते.

यूपीएसबद्दल. वीज चालू असेपर्यंत वायूने विझवलेली आग परत पेटते. मेन बंद केला तरी यूपीएस बॅटरीवर आउटपुट देतच राहतो, त्यामुळे त्याचं बंद करायचं बटण किंवा बॅटरीचा एमसीबी दाराजवळून हाताला लागेल असा घ्या. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि माझ्या मते सिलिंडरच्या निवडीइतकीच महत्त्वाची. पुढे कधी लिथियमच्या बॅटऱ्या बसवल्या तर लक्षात ठेवा, त्यांच्या आत सुरू झालेली तापसाखळी कुठल्याही वायूने थांबत नाही. तिथे भरपूर पाण्याने थंड करणं आणि खोली रिकामी करणं एवढंच उरतं. शक्य असेल तर यूपीएस आजच खोलीबाहेर हवेशीर जागी हलवा. आगीचं सर्वांत संभाव्य कारणच स्कॅनरपासून दूर जाईल.

जुनीपाने

सगळ्यांचे आभार. यूपीएस बाहेरच्या पॅसेजमध्ये हलवता येईल. मग खोलीत २ किलोचा सीओटू घ्यावा की एफके? शिवाय एका सभासदाचा प्रश्न: आग लागून एक खोली जळाली तरी धुरातून कितीतरी कार्बन जाणारच, मग सिलिंडरमधल्या वायूचा एवढा बाऊ का?

ओझोनथर

प्रश्न रास्त आहे. खऱ्या आगीत वापरलेल्या वायूचं मला काही वाटत नाही. पण बहुतेक सिलिंडर दहा वर्षांत एकदाही आगीवर जात नाहीत, तरी त्यांतला वायू हवेत जातो. कुठे व्हॉल्व्हमधून हळूहळू गळून, कुठे प्रात्यक्षिकात 'जरा मारून दाखवतो' म्हणून, आणि सर्वांत जास्त रिफिल किंवा हायड्रो टेस्टच्या (बाटल्याच्या दाबचाचणीच्या) वेळी दुकानामागे नोझल उघडून. परत न मिळवलेला प्रत्येक किलो कधी ना कधी आकाशातच जाणार. वायू निवडण्याइतकीच एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, कलमं म्हणून महत्त्वाची: हॅलोजनयुक्त (फ्लुओरीन, क्लोरीन वगैरे असलेला) वायू बंद रिकव्हरी यंत्राने काढून घ्यावा, काढलेल्या आणि भरलेल्या वायूचं वजन सर्टिफिकेटवर लिहावं, प्रशिक्षणात फक्त पाण्याचा किंवा सीओटूचा सिलिंडर वापरावा.

खोलीसाठी माझं मत: यूपीएस बाहेर गेला तर आत पेटण्यासारखा माल थोडा उरतो. २ किलोचा सीओटू दाराच्या बाहेरच्या अंगाला लावा. माणूस आधी बाहेर येतो, सिलिंडर घेतो, दारातूनच मारतो. पाठ मोकळी राहते. फ्लुओरीन अजिबात नको असेल तर हाच मार्ग.

तपासनीस

मी इथे थोडा वेगळा आहे. सीओटूचा मारा जेमतेम दीड-दोन मीटर पोचतो. तुमची खोली दहा फूट लांब, आतल्या टोकाचा रॅक पेटला तर दारातून मारा पुरणार नाही. माणूस आत जाईल आणि केव्हीए यांनी सांगितलेल्या ५ टक्क्यांत उभा राहील. एफके द्रव धारेसारखा निघतो, लांब जातो आणि मग वाफ होतो. एकच एफके २ किलो खोलीसाठी, सीओटू पॅसेजमधल्या यूपीएससाठी, दालनात दोन मिस्ट. कोटेशनमधल्या तीन क्लीन एजंटचा एक झाला. किंमत सीओटूच्या काही पट असते हे खरं, पण नग एकच आहे. रॅक दाराजवळ घेता आला तर ओझोनथर यांचं उत्तर बरोबर.

एफके घेतलात तर पावसाळ्यात रिफिल टाळा. पाण्याचा अंश आत गेला की त्याचं जलविघटन होऊन आम्ल तयार होतं आणि व्हॉल्व्ह आतून खराब होतो. बाटला पूर्ण कोरडा हवा, वरचा दाबही कोरड्या नायट्रोजनचाच हवा. कॉम्प्रेसरची हवा भरणारा माणूस दारात उभा करू नका.

तपासणीत सर्वांत मोठी फसगत गेजची. काटा हिरव्यात आहे म्हणजे नायट्रोजनचा दाब आहे, एवढंच. आत एजंट किती आणि कुठला, हे गेजला कळत नाही. एजंट कमी भरून नायट्रोजनने काटा हिरव्यात आणता येतो. म्हणून वजनकाटा आणा. नवा सिलिंडर आला त्याच दिवशी वजन करून लेबलवरच्या आकड्याशी ताडा आणि वहीत लिहा, मग दर सहा महिन्यांनी. सीओटूला गेज नसतोच, तिथे वजन हीच तपासणी: भरलेल्या वायूपैकी १० टक्के कमी झाला, म्हणजे २ किलोमागे २०० ग्रॅम, की रिफिल. हायड्रो टेस्ट सीओटूची पाच वर्षांनी, क्लीन एजंट आणि पावडरची तीन वर्षांनी. त्या तारखा बाटल्याच्या खांद्यावर ठोकलेल्या दिसतात. सीओटूवर उन्हाची तिरीप येऊ देऊ नका. ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो.

कागदपत्रं: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे लायसन्सधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. तुमचं वजनाचं वेळापत्रक त्याच महिन्यांना जोडा आणि एजन्सीच्या माणसासमोर काटा ठेवा.

जुनीपाने

रॅक भिंतीतल्या वायरिंगमुळे हलणार नाही, म्हणजे एफके एक नग. उरला तो बीसीएफचा बाटला. भंगारवाला न्यायला तयार आहे.

ओझोनथर

देऊ नका. बीसीएफ म्हणजे हॅलॉन १२११. ओझोन नाशाची क्षमता ३, म्हणजे जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी-११ च्या तिप्पट, शिवाय जीडब्ल्यूपी १,८९०. विकसित देशांनी हॅलॉनचं उत्पादन १९९४ च्या सुरुवातीला थांबवलं, विकसनशील देशांनी २०१० पर्यंत. भंगारात गेला की व्हॉल्व्ह छिन्नीने तोडतात आणि सगळा वायू एका मिनिटात वर जातो. दाबाखालचा बाटला तोडणाऱ्याच्या जिवालाही धोका.

चालतो का ते पाहायला पिन काढू नका. सील शाबूत असेल तर पिन जागेवरच तारेने बांधा. उभा, सावलीत, कुलपात ठेवा. वजन करून चिठ्ठी लावा: 'हॅलॉन १२११, वापरू नये, सोडू नये, भंगारात देऊ नये'. हॅलॉन परत मिळवून साठवण्यासाठी दिल्लीत डीआरडीओच्या सीएफईईएस या प्रयोगशाळेत हॅलॉन बँक उभारली गेली. विमानं आणि संरक्षण दलांच्या जुन्या यंत्रणांना हा वायू अजून लागतो, त्यामुळे तो टाकाऊ नाही. तिथे लेखी विचारा, पत्रात बाटल्यावरचा उत्पादकाचा मजकूर, भरलेलं वजन आणि आजचं वजन द्या. लेबलचा फोटो जोडा. पाठवायचं ठरलं तर साध्या टेम्पोने नको, दाबाखालचे गॅस सिलिंडर नेण्याची परवानगी असलेल्या वाहतूकदाराकडूनच पाठवा.

केव्हीए

एक राहिलं. एफकेचा नग लावाल तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहा: यूपीएसचं बटण आधी बंद. पिन काढा, नोझल ज्वालेवर नको, मुळाशी धरा. सगळा सिलिंडर एका दमात, साधारण दहा सेकंद. बाहेर या, दार लावा, १०१ ला फोन करा. विझली असं वाटलं तरी निदान पंधरा मिनिटं दार उघडू नका, आणि नंतर आत जाताना आधी खिडकी उघडायची सोय हवी. ती एसीमुळे कायमची बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. ती उघडेल अशी करून घ्या, हे सिलिंडर यायच्या आधी.